एका अडुळशाच्या दोन मुठी

आमच्या गोठ्याच्या कडंनं अडुळशाचं कुंपण हाय. कावून अडुळसा? कारण शेळी त्याला तोंड लावत न्हाई. शेळी म्हणजे अशी जात की बाभळीच्या काट्यातनं पाला ओढून खाती, दोरीवर वाळत घातलेला परकर खाती, माझ्या फार्मसीच्या जर्नलचं कव्हर बी तिनं खाल्लंय. पण अडुळशापाशी आली की नाक वर करती आन् पुढं निघून जाती. लई कडू असतं ते पान. त्या कडूपणाला नाव हाय, व्हॅसिसिन! हे मला कॉलेजात कळलं तवा मी होस्टेलच्या खाटंवर उड्या मारल्या. रूममेट म्हणली, "लॉटरी लागली का काय गं?"

लॉटरीच की. बारक्यापणापासून ज्या झुडपावर मी ओले टॉवेल टाकले, त्याच्या पानात काय काय हाय ते पुस्तकात छापलेलं! आन् अजून भारी गोष्ट सांगते. कफ पातळ करायच्या औषधात ब्रोमहेक्सिन म्हणून एक असतं ना, ते शास्त्रज्ञांनी ह्या व्हॅसिसिनकडं बघून बनवलंय. म्हणजे मेडिकलच्या काउंटरवर जी बाटली मिळती ती आमच्या कुंपणाची नक्कल हाय, नक्कल! मी हे होस्टेलात समद्यांना सांगितलं. मेसवाल्या मावशीला बी सांगितलं. त्या म्हणल्या, बरं, भाकरी घे.

तर मी सुट्टीला घरी गेलते तवाची ही गोष्ट. आमचं गाव परळीपासून जवळच. रस्त्यानं वीज केंद्राच्या राखेच्या गाड्या जातात, त्यामुळं पानापानावर करडा थर. अडुळसा काढला की दोन पाण्यानं धुवा लागतो, पहिलं पाणी पार सिमेंटासारखं निघतं. मी दारात आले तर माय हेच करत व्हती. पानं धुतली, तव्यावर जराशी गरम केली, फडक्यात घालून पिळली. हिरवा काळपट रस वाटीत पडला, त्यात मध घातला. पाला अजून सुपात ढीगभर शिल्लक व्हता.

भिंतीला टेकून वैनी बसलेली. पाचवा महिना. आन् खोकला असला की बोलताना मधीच तोंडाला पदर.

आता हे आधी सांगायला पाहिजे. वैनीचं आधी एकदा तिसऱ्या महिन्यात गेलतं. तवापासून आमच्या घरात त्या विषयावर कुणी मोठ्यानं बोलत न्हाई. ह्या खेपंला दिवस राहिले तवा माय तिला बादली उचलू द्यायची न्हाई, आबा शेळ्या दुसऱ्या दारानं काढायचे, कुणी धडकू नये म्हणून. दादा राखेच्या गाडीवर ड्रायव्हर हाय, तो लांबच्या ट्रिपा घेत न्हवता. त्या दिवशी मात्र नाइलाजानं गेलता. आन् खोकला सुरू झाला तवा वैनी म्हणली व्हती, मेडिकलमधनं बाटली आणू का? तर माय म्हणली, "दोन जिवाची हायस, इंग्रजी औषिध कशाला? झाडपाल्यानं काय व्हत न्हाई." आठवडाभर सकाळ-संध्याकाळ एक एक चमचा चालू व्हता. मायनं स्वतःच्या हातानं पाजलेला. लई मायेनं.

आठवडाभर हे चालू हाय ते मला म्हाईत न्हवतं. मी पिशवी टाकली आन् सुरूच झाले.

"माय, ह्या पानात काय असतं म्हाईत हाय का?"

"पाला असतो."

"अगं व्हॅसिसिन असतं!"

"आस्सं? मग काढून टाकू का?"

वैनी हसली आन् हसता हसता खोकली.

"हसू नका. हळदीत काय असतं सांगा."

"हळद," माय म्हणली.

"कर्क्युमिन! तुळशीत युजेनॉल. आल्यात जिंजेरॉल."

"वन्सं," वैनी पदर बाजूला करून म्हणली, "तुमच्या नवऱ्याच्या ताटात काय वाढणार वो? एक वाटी युजेनॉल आन् वर कर्क्युमिनचा तडका?"

"वाढू दे की," माय म्हणली, "नाव घेता घेताच त्याचं पोट भरंल."

अशा मस्करीत मायनं चमचा भरला आन् वैनीपुढं धरला. मी आपली बोटं मोजत परीक्षेत लिहिते तसं म्हणायला लागले. एक, कफ पातळ करतं. दोन, श्वासनळ्या मोकळ्या करतं. तिसरं बोट वर केलं तेवढ्यात आबा गोठ्याकडनं आत डोकावले. हात कोपरापर्यंत भरलेले.

"ए, समदा पाला संपवू नका. मूठभर ठेवा मला. काळी व्याली सकाळी, वार पडंना तिची."

वार म्हणजे पिल्लू झाल्यावर मागनं जी पडून जायला पाहिजे ती. शेळीची अडकली की घाण व्हती, ताप येतो, शेळी जाती बी. आमच्याकडं तवा अडुळसा ठेचून गुळासंगट चारतात. मी हे आयुष्यभर बघत आलेय. आबांनी शेळीचं तोंड धरायचं आन् मी गूळ लावायचा, हे माझंच काम व्हतं की बारकी असताना. पण ते गोठ्यातलं. आन् व्हॅसिसिन पुस्तकातलं. आन् खोकल्याचा रस सैपाकघरातला. तिन्ही कदी एकाजागी आलेच न्हवते.

"आबा," मी विचारलं, "वार पडायला अडुळसाच कावून?"

"आवळतं की त्यानं पोट. पिशवी आवळली की ढकलून देती बाहीर."

माझं तिसरं बोट तसंच वर. तिसरा मुद्दा काय व्हता? गर्भाशयाचं आकुंचन. मी पेपरात दोनदा लिहिलेला. चांगल्या अक्षरात.

मी काय बोलायच्या आधीच मायच्या ध्यानात आलं. तिनं आबांच्या तोंडाकडं बघितलं, मग सुपातल्या पाल्याकडं, मग चमच्याकडं. चमचा वैनीच्या ओठापासून इतका जवळ की मध खाली लोंबत व्हता. मायनं चमचा मागं घेतला. सांडला न्हाई, काय न्हाई. हळूच वाटीत ठिवला आन् वाटी लांब सरकवली, जशी काय ती वाटी जित्ती हाय.

"रोज दिलं मी हिला," ती म्हणली. "रोज दिलं."

आबा दारातच उभे. मग वैनीनं पोटावर हात ठिवला आन् लई बारक्या आवाजात म्हणली, "आत्याबाई, काल हालत व्हतं. आज सकाळपासून हाललं न्हाई."

मग आमच्या घरात जे झालं ते मला नीट सांगता येत न्हाई, कारण समदेच एकदम उठले. शेजारच्या काकाचा तीनचाकी ॲपे व्हता, आबांनी हाक मारून तो दारात आणला. हात धुतले आन् स्वतःच पुढं बसले. मी म्हणलं, "आबा, काळीची वार अडकलीय, तुमी ऱ्हावा." तर म्हणले, "शेळी ऱ्हाऊ दे." एवढंच. ज्या माणसानं शेळीसाठी स्वतःचं जेवण तसंच सोडलेलं मी हजारदा बघितलंय, त्या माणसानं मागं वळून गोठ्याकडं बघितलं बी न्हाई.

ॲपेत वैनी मधी, एका अंगाला मी, एका अंगाला माय. खड्डा आला की माय ओरडायची, "हळू रं बाबा!" मग दोन हातांनी वैनीला धरायची, मग एकदम हात काढून घ्यायची. जणू आता तिचा हात बी लागू नये. मला ते बघवंना. मी वैनीला म्हणलं, रस लई थोडा व्हता, चमचाच व्हता, घरगुती व्हता. पुस्तकात अर्काचं लिहिलेलं असतं, ते तीव्र असतं. वैनी म्हणली, "वन्सं, आता नका सांगू." मग मी गप बसले. मला गप बसायला लई जड जातं, पण बसले.

परळीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई व्हत्या. आत गेल्या गेल्या, वैनी नीट बसायच्या आधीच माय म्हणली, "मीच दिलं. पोरीचा काय दोष न्हाई. अडुळसा मी दिला." मला वाटलं आता बाई झापतात. बाईंनी आधी वैनीला टेबलावर झोपवलं. पोट दुखतंय का? न्हाई. अंगावर गेलं का? न्हाई. कंबर? न्हाई. मग पोटाला ते गार गार जेल लावून हातातलं छोटं यंत्र फिरवलं. खरखर. खरखर. नुसतीच खरखर. बाईंनी यंत्र जरा खाली सरकवलं, जरा डावीकडं.

आन् मग आलं. टकटकटकटक. लई जोरात, लई घाईत.

माय पुढं झाली. "हे काय वाजतंय?"

"तुमचं नातवंड," बाई म्हणल्या.

"करडू पळतंय खडकावर," माय म्हणली, आन् मग तिथंच खाली बसली, फरशीवर, खुर्ची असून.

बाईंनी मशीन लगेच बंद न्हाई केलं. थोडा वेळ ऐकू दिलं. दाराच्या फटीतनं आबा बी ऐकत व्हते, मला त्यांची चप्पल दिसत व्हती. मग बाई म्हणल्या, ठोके छान आहेत, पाचव्या महिन्यात रोज हालचाल कळतेच असं नाही. एवढ्या रसानं काही झालंच असतं असंही नाही, पण अडुळसा गरोदरपणात घ्यायचाच नाही, कशाला धोका? पोट कडक झालं, दुखलं, अंगावर गेलं तर क्षणभर न थांबता यायचं. आन् मायकडं वळून म्हणल्या, "आई, तुम्ही सांगितलंत ते फार चांगलं केलंत. लोक झाडपाला सांगतच नाहीत. त्यांना वाटतं ते औषधात धरतच नाहीत." मायनं मान हलवली, पण तिचं लक्ष न्हवतं. ती अजून यंत्राकडंच बघत व्हती.

सांगूनच टाकते, नायतर तुमचा जीव टांगणीला. पोरगी झाली. वेळेवर झाली, चांगली गुबगुबीत, आन् रडली की वेशीपर्यंत ऐकू जातं. आत्ता मी हे टाइप करतेय तर मागनं माझी वेणी ओढतीय. पण मला पोरीचं न्हाई सांगायचं. त्या दिवशी घरी आल्यावर काय झालं ते सांगायचंय.

घरी आलो तर काळीची वार आपली आपण पडलेली, आन् काळी आरामात रवंथ करतीय. आबा तिच्यापाशी जाऊन बसले ते बराच वेळ बाहेर आलेच न्हाईत. हिकडं मायनं सुपातला पाला उकिरड्यावर टाकला, वाटी राखेनं घासली, फडकं जाळलं. आन् मग काय केलं म्हाईत हाय का? काहीच न्हाई. वैनीला काहीच देईना. चहा मला करायला लावला. भाकरी मला वाढायला लावली. वैनी खोकली की माय दचकायची आन् जागची हलायची न्हाई. एवढी बाई, जिच्या हातचा लेप लावायला शेजारच्या वाडीवरनं लोक येतात, ती हात मांडीखाली दाबून बसलेली.

संध्याकाळी वैनीला जोराचा ठसका आला. ती म्हणली, "आत्याबाई, पाणी तरी द्याल का? का त्यात बी काय असतं ते वन्संना विचारून द्याल?"

मायनं माझ्याकडं बघितलं. खरंच विचारत व्हती!

"हायड्रोजन असतं," मी म्हणलं. "आन् ऑक्सिजन. चालतं."

वैनी फिसकन हसली. मायला हसू आलं न्हाई, पण उठली. तांब्या भरला, वैनीच्या हातात दिला. वैनी पाणी प्याली आन् तांब्या परत देताना मायचा हात सोडलाच न्हाई. म्हणली, "माझ्या मायनं बी हेच दिलं असतं. तुमी दुसऱ्याच्या लेकराला दिल्यागत दिलं न्हाई. मला म्हाईत हाय."

मायनं नाक पुसलं. मग म्हणली, "खोकल्याचं काय करायचं मग?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं व्हतं की मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा आन् साध्या पाण्याची वाफ घ्या. मी चुलीवर पाणी ठिवलं. माय माझ्या मागंच.

"दोन पानं तुळशीची?"

"नको."

"ओवा?"

"नको गं माय."

"निस्तं पाणी?"

"निस्तं पाणी."

"निस्त्या पाण्यानं काय व्हतंय," ती पुटपुटली, पण पातेलं तिनंच उतरवलं. वैनीपुढं लांबच ठिवलं, भाजू नये म्हणून, आन् वरनं चादर धरली. वैनी आतनं म्हणली, "अंधार झालाय, भ्या वाटतंय, तुमी बी या." माय म्हणली, मला कुठं खोकला हाय? वैनी म्हणली, "या की."

मग माय बी चादरीत गेली. बाहेरनं मला नुसता एक उंचवटा दिसत व्हता, दोन डोक्यांचा, चादरीच्या कडंनं वाफ निघतीय. आतनं वैनी खोकली. मग मायचा आवाज आला, "हळू, हळू गं बाई." आन् मग एकदम वैनी ओरडली, "आत्याबाई! हितं हात ठिवा! हितं, हितं, लवकर!"

चादर हलली. माय आत काय म्हणली मला ऐकू आलं न्हाई. ती बराच वेळ बाहीर आली न्हाई, पाणी गार झालं तरी.