गड्याची जेवणाची सुट्टी

संगणकाला हुकूम सोडावा तो माझ्या मित्राच्या मामांनीच; आपण बाकीचे सगळे संगणकाच्या पाया पडत असतो. हे विधान धाडसाचं आहे आणि मी अजून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तरीही ते मागे घ्यावंसं वाटत नाही. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मामा संगणक विभाग होते. विभागात होते असं नव्हे, विभागच होते. प्रशिक्षणासाठी मला तिथं पाठवलं तेव्हा त्यांच्या खुर्चीशेजारी एक स्टूल आलं, एवढाच काय तो विभागाचा विस्तार.

काम असं होतं. कारखान्यातले माग आणि रंगाईची यंत्रं दिवसभर आपापल्या संगणकात बारीकसारीक नोंदी करत असतात. धागा तुटला, तापमान चढलं, दार उघडं राहिलं. या नोंदी गोळा करून पुण्याच्या मुख्य ऑफिसला पाठवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला एजंट म्हणतात. मामांना हा शब्द पसंत नव्हता. "एजंट विम्याचा असतोय," ते म्हणायचे. "ह्यो आपला गडी हाय." गड्याशी बोलायचं ते काळ्या पडद्यावर, एकेक हुकूम टाइप करून. माउस टेबलाच्या खणात असे. कोणी बाहेरचं आलं तर तो काढून देत, काही घरांत पाहुण्यांसाठी काचेचा कप काढतात तसा.

सकाळी आल्या आल्या मामा गड्याला 'स्टेटस' विचारत. "चालू आहे," असं एका ओळीत उत्तर आलं, की मग माझ्याकडे वळत. "तुजं काय?" पहिल्या दिवशी मी सांगायला लागलो, की बस उशिरा आली, वडिलांना बरं नाही, आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, त्यामुळे थोडी धाकधूक वाटते. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका वळीत सांग की." मी म्हणालो, "चालू आहे." "मग झालं तर," म्हणाले, आणि कामाला लागले.

गड्याच्या सेटिंगमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी चाचणीचा हुकूम दिल्याशिवाय ते त्याला सुरू करत नसत. ही सवय घरापर्यंत गेली होती. "ताट वाढायच्या आदी पळीत आमटी घिऊन चाखत्यात," मामींनी मला सांगितलं. "लगीन झाल्यापास्नं माजी चाचणीच चाललीया बघ." एकदा गडी अडकला तेव्हा मी पुस्तकात वाचलेला, प्रोग्रॅम जागीच बंद पाडणारा 'किल' हुकूम सुचवला, "मामा, मारून टाकू का?" त्यांनी कळफलकावरून हात काढला. "मारायचं न्हाय. थांब म्हणायचं. हातातलं पोचवून थांबतंय त्ये." आणि खरोखरच त्यानं हातातलं पोचवलं, मग थांबला.

मामांचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. मेंढरं सावलीला बसल्याशिवाय त्यांचे वडील भाकरी सोडत नसत म्हणे. मामांनी एवढंच केलं, की दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की आधी गड्याला 'स्टॉप' म्हणायचं आणि मग कडक भाकरी न् शेंगाचटणीचा डबा उघडायचा. जेवण आटोपलं की 'स्टार्ट'. यात नुकसान काही नव्हतं. नोंदी जागच्या जागी पडून राहत, आणि गडी कुठपर्यंत आलो होतो हे लक्षात ठेवून तिथूनच पुढे उचलत असे. फक्त पुण्याच्या पडद्यावर सोलापूर रोज दुपारी लाल होई.

एक दिवस पुण्याच्या मॅडमचा फोन आला. "सर, तुमचं सोलापूर रोज दुपारी बंद का पडतं?"

"पडत न्हाय," मामा म्हणाले. "जेवायला बसतंय."

मॅडमनी फोन ठेवला. नंतर मेल आला. पुन्हा एकदा जरी असं झालं तर गड्याचा ताबा पुण्याकडे जाईल आणि मामांची बदली टेंभुर्णीच्या गोदामावर होईल. मामांनी 'चालेल' असं उत्तर पाठवलं आणि दुसऱ्या दिवसापासून गडी दुपारीही चालू ठेवला.

भोंगा होई. मामा डबा उघडत, भाकरीचा तुकडा मोडत आणि पडद्याकडे बघत तो तसाच खाली ठेवत. डबा भरलेला घरी जाऊ लागला. मामींनी मलाच फोन केला, "आरं, त्यांचं काय दुकतंय का?" माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, त्याला भूक नसते हो."

"मला म्हाईत हाय की," ते म्हणाले. "पर घास उतरंना, त्येला मी काय करू?"

पुढच्याच आठवड्यात, भोंगा झाल्यावर, त्यांनी मला विचारलं, "पुण्याच्या म्याडम जेवल्या असत्याल का रं?"

"जेवल्या असतील."

"मग ठीक हाय." त्यांनी 'स्टॉप' टाइप केलं. गड्यानं हातातलं पोचवलं, थांबला. मामा डबाभर जेवले, मलाही अर्धी भाकरी दिली, बोटं चाटली, हात धुऊन आले आणि मग 'स्टार्ट' म्हणाले. संध्याकाळी बदलीचा हुकूम आला. तोही एका ओळीचाच होता.

आता गडी पुण्याहून चालतो. कधी थांबत नाही म्हणतात. प्रशिक्षण संपल्यावर मी एकदा टेंभुर्णीला गेलो. टॉवेलच्या गाठींच्या थप्प्या, बाहेर ट्रक, आणि मधे एका पत्र्याच्या खुर्चीवर मामा. त्यांनी माझ्या परीक्षेचं विचारलं, वडिलांचं विचारलं. गड्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मग मी पिशवी उचलली, तर म्हणाले, "पुडच्या गाडीनं जा की."

मी बसलो. हायवेवरून सोलापूरची गाडी गेली. थोड्या वेळानं आणखी एक गेली. मी उठलो नाही.