सुटं तेल बंद झालं तेव्हा

केजला तहसील कचेरीच्या मागं आमचं किराणा दुकान होतं. वडिलांना सगळा गाव आप्पा म्हणायचा. दुकानातलं करडईचं तेल वडवणीकडच्या एका खेड्यातून यायचं. तिथं एका म्हाताऱ्याचा विजेवरचा घाणा होता. बाजारच्या दिवशी तो जीपमधून डबे घेऊन यायचा आणि आप्पांच्या शेजारी पोत्यावर टेकायचा. बायका बाटल्या, बरण्या घेऊन यायच्या, आप्पा मापानं तेल ओतायचे आणि दोघांच्या पावसापाण्याच्या गप्पा चालायच्या. आम्ही त्याला मामा म्हणायचो. माझी आई गेली तेव्हा मामी महिनाभर आमच्याकडं राहिली होती. शाळेला जाताना माझ्या वेण्या तीच घालायची.

मी कॉलेजात होते तेव्हा दिल्लीकडं भेसळीच्या मोहरीच्या तेलानं माणसं दगावली. त्यानंतर सुटं तेल विकायचं नाही, पॅकबंदच विकायचं, असा हुकूम निघाला. बीडहून अन्न-औषध खात्याचे एक साहेब दुकानात आले आणि आप्पांना समजावून सांगू लागले.

"साहेब, हितं मोहरीचं तेल कुणी खातच न्हाई," आप्पा म्हणाले.

"खरंय तुमचं. पण नियम सगळ्यांना एकच. पुढच्या खेपेला सापडलं तर मला खटला भरावा लागेल."

आप्पा मामांना घेऊन बीडच्या कचेरीत गेले. मामांनी स्वतःच तेल पॅक करून द्यावं, असं आप्पांच्या मनात होतं. तिथं कळलं की त्याला परवाना लागतो, तेलाची तपासणी लागते, सील करायचं मशीन लागतं, आणि पाकिटावर छापायला एक नाव लागतं. मामा म्हणाले, "नाव कशाला? गिऱ्हाईक वासावरनं वळखतं की." कारकून हसला, पण त्यानं दोघांना बसायला खुर्च्या दिल्या होत्या. परतताना मामा एवढंच बोलले, "आप्पा, ह्या वयात माझ्यानं हे व्हायचं न्हाई."

तरी पुढच्या बाजारी ते डबे घेऊन आलेच. मी दुकानातच होते. ते पायरी चढणार तोच आप्पा म्हणाले, "मामा, आत नका आणू."

मामांनी डबा तिथंच टेकवला. गल्ल्यापाशी उभ्या बायका वळून बघू लागल्या. आप्पा उठले, बाहेर जाऊन त्यांच्याजवळ पायरीवर बसले.

"आमची सवय हाय ना, आलो," मामा म्हणाले. "तुमाला तरास न्हाई द्यायचा मला."

चहा आला, तो दोघांनी घेतला. मग आप्पांनी स्वतः ते डबे उचलून जीपमध्ये ठेवले.

दुकानात सोयाबीन तेलाच्या पाकिटांच्या माळा लागल्या. घरच्या खाण्यापुरतं तेल मामा जीपवाल्याबरोबर पाठवत राहिले. वर्षभरात तेही थांबलं. त्यांच्या मुलानं घाणा काढून त्याच मोटारीवर पिठाची गिरणी चालू केली होती.

एकदा आप्पा मला घेऊन त्यांच्याकडं गेले. मामा ओसरीवर बसले होते, आत गिरणी चालू होती. आप्पांनी तब्येत विचारली, मामांनी दुकान कसं चाललंय ते विचारलं. पुढं कुणालाच काही सुचेना. इतकी वर्षं तेलाच्या निमित्तानं बोलणं निघायचं, हे आम्हाला तिथं बसल्यावर कळलं. मामी पोहे करते म्हणत होती, पण आप्पांनी गाडी चुकेल म्हणून घाई केली. गाडीला अजून बराच वेळ होता. स्टँडवर आम्ही नुसते बसून राहिलो.

पुढं मामा वारल्याचं जीपवाल्यानंच सांगितलं. दहावाही होऊन गेला होता. आप्पा तेव्हा साखर बांधत होते. त्यांनी पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

"मला सांगाया कुणी आलं न्हाई," ते म्हणाले.

जीपवाला म्हणाला, "पोरगं गडबडीत होतं, आप्पा. त्याच्या ध्यानात न्हाई आलं."

आप्पांनी मान हलवली आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.