तोंडातल्या टाचण्या

टाचणीमावशी गल्लीच्या पहिल्यांदा लक्षात आली, ती तोंडात पाच टाचण्या धरून एका गिऱ्हाइकाशी नुसत्या मानेने हुज्जत घालताना. तेव्हापासून तिला हेच नाव. जिन्याखाली तिचं मशीन, एक स्टूल आणि एक आरसा. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांचे ढगळ कपडे उसवून अंगाबरोबर बसवून द्यायची.

ती सीमेपलीकडून आलेली. राहण्याच्या परवान्याची मुदत संपून अकरा वर्षं झाली होती, आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोलीस ठाण्यालाही. कागद तपासायला पोलीस आले की बेकरीत शिरायचे, चादरी धुणाऱ्या धुलाईत शिरायचे, हमालांना रांगेत उभं करायचे. जिन्याखाली मात्र कुणाची नजर वळत नसे, कारण अख्ख्या ठाण्याच्या वर्द्या तिच्याकडे होत्या. जमादारांची पॅन्ट तर दर वर्षी अर्धा इंच सैल करावी लागे. तुमच्या कमरेसारखी माझ्या कागदाची मुदत वाढली असती तर, असं ती एकदा म्हणाली, तेव्हा जमादार पोट धरून हसले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या कचेरीतून पोलिसांनी धाडीत घालायची पिवळी जाकिटं यायची, सगळी एकाच मापाची. ती आवळून घ्यायला जमादार मावशीकडेच आणत. म्हणजे उद्या धाड आहे, हे गल्लीत एकट्या तिला आधी कळायचं. तोंडात टाचण्या असताना बोलता येत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. समोरच्या बेकरीतला भट्टीवाला रोज तिला गरम पाव आणून द्यायचा. पोलिसांनी त्याला नेलं, त्या दिवशीही ती खाली मान घालून मशीन चालवत राहिली.

पुढे तिची धाकटी बहीण आली. तिच्याकडेही कागद नव्हता. धुलाईत चादरींना इस्त्री करायचं काम तिला मिळालं, आणि दोन महिने होतात न होतात तोच एका मंगळवारी सकाळी जमादारांनी सात जाकिटं स्टुलावर टाकली. उद्या सकाळी हवीत, म्हणाले.

मावशीचा पाय मशीनवर ठरेना. एकच शिवण तिने दोनदा उसवली, तिसऱ्यांदा सुई बोटात गेली. दुपारी काम तसंच टाकून ती धुलाईत गेली, बहिणीला बाजूला ओढलं आणि उद्या येऊ नकोस म्हणाली. का, तेही सांगावं लागलं.

धाकटीने इस्त्री उभी करून ठेवली.

"भट्टीवाल्याला नेलं तेव्हाही तुला माहीत होतं, ताई?"

मावशी गप्प. या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या.

"मग मी एकटी नाही घरी बसायची. आम्ही नऊ जणी आहोत इथे. सगळ्यांना सांग, नाहीतर मी उद्या कामावर येते."

मावशी तणतणत दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी एकेका टेबलाशी जाऊन तिने उरलेल्या आठ जणींच्याही कानावर घातलं. मग येऊन जाकिटं पुरी केली.

बुधवारी जाकिटं सातही पोलिसांच्या अंगावर चापून बसली होती. धुलाईत मात्र मालक एकटाच चादरी पिळत होता.

गुरुवारी जमादार आले. हातात पॅन्ट नव्हती. एरवी तिला मावशी म्हणून अगं-तुगं करणारा माणूस, पण त्या दिवशी स्टुलावर बसलासुद्धा नाही.

"बाई, तुमचा परवाना दाखवा."

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचल्या. नाही, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणाली.

"माहीत असणं वेगळं," जमादार म्हणाले आणि वही उघडून लिहू लागले.

प्रकरण अजून चालू आहे. टाचणीमावशी दर सोमवारी सकाळी नऊला ठाण्यात जाऊन सही करते आणि तिथून धुलाईच्या मागच्या खोलीत येते. तिचं मशीन आता तिथे आहे, धाकटीच्या टेबलाला लागून.