मामांचे बारा ऋतू

वर्षात ऋतू सहा असतात असं शाळेत शिकवतात. आमच्या मामांना मात्र ते बारा होते. सहा सोलापूरचे आणि सहा पाचगणीचे. मूळचे मंद्रूपचे शेतकरी, नोकरी सारी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात, आणि निवृत्त झाल्यावर शुक्रवार पेठेतल्या घराच्या गच्चीवर त्यांनी अशी काही बाग फुलवली की पेठेनं त्यांना वेड्यात काढलं. नळाला पाणी चार दिवसांनी एकदा येणार, गच्ची दुपारी तव्यासारखी तापणार, आणि ह्या गृहस्थांनी तिथं मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, कारल्याचा वेल असा भरला संसार मांडलेला. तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतणारा माणूस त्यांच्या लेखी खुनीच. माझ्या लग्नात अक्षतांची वेळ झाली तरी नवरीच्या पाठीशी उभं राहायला मामा सापडेनात. शोधाशोध झाली, तर हे फेटा बांधून आचाऱ्यापुढं बादली धरून उभे! "पाणी न्हाय त्ये, झाडाचं दूध हाय," असं त्यांनी बोलवायला गेलेल्या माझ्या सासऱ्यांनाच सुनावलं.

दुसरी बाग पाचगणीला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या अंगणात. मंगल तिथल्या एका शाळेत शिकवते, एकटीच राहते. मामी गेल्यावर मामा तिकडे जाऊ लागले ते 'तिच्या गुलाबांची छाटणी कोण करनार' म्हणून. फाल्गुन लागला की त्यांचं खालीवर सुरू होई. इथं मोगऱ्याला कळ्या धरायच्या, तिथं जिरेनियम बहरायचं, आणि मामा मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं घेऊन एसटीत. एकदा शेजारच्या सीटवर कुंडी पाहून कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं. मामा म्हणाले, "फाडा की. पर मग तिला खिडकी द्यावी लागंल."

अडचण एकच होती. मामा जिथं असत तिथलीच हवा साऱ्या मुलखात आहे अशी त्यांची पक्की समजूत. पाचगणीला गेले की गच्चीची राखण शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या माझ्याकडे, आणि तिथून कानटोपी घालून मला फोन करायचे, "आज पाणी घालू नगंस गं. गारठा लई हाय, मुळ्या कुजत्याल." मी इकडे गच्चीवर पाय भाजतात म्हणून नाचत उभी. एकदा शहाण्यासारखं ऐकलं, तर जास्वंदीनं मान टाकली. सोलापुरात परतले की उलटा कारभार. मंगलला हुकूम जायचा, "सकाळ-संध्याकाळ पाणी दे, वर ओली पोती बांध, पोळून निघत्याल झाडं!" मास्तरीण असली तरी मुलगी आज्ञाधारक. तिनं त्या गारव्यात पोती बांधली आणि जिरेनियमचा पार चिखल झाला. मामांनी दोन्हीकडचं नुकसान शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "तितं जास्त झालं, हितं कमी पडलं. बेरीज बराबर हाय."

यंदा पाचगणीहून येताना घाटातच त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की आता हे येणंजाणं बंद, कुठल्या तरी एकाच गावी राहायचं. म्हणजे बागही एकच. मंगल म्हणाली, कायमचेच या. मामा म्हणाले, "मोगरा कळ्या धरतोय, बघू." हा माणूस गच्ची सोडायचा नाही अशी साऱ्या पेठेची खात्री होती. माझीही होती, आणि खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं होतं.

मग एके दिवशी मामांनी कुंड्यांसाठी स्थळं पाहायला सुरुवात केली. लेकी उजवाव्यात तशी! घरोघर जाऊन ऊन कुठून येतं ते बघायचे, बाई पाणी जपणारी आहे की नाही याची शेजारी चौकशी करायचे. कढीपत्त्याचं एक चांगलं तीन मजली स्थळ त्यांनी दारातूनच मोडलं. "तांदूळ न धुता कुकरात लावत्यात. असल्या घरात द्यायची न्हाय."

मोगरा माझ्याकडे आला. मामांनी स्वतः माझ्या गॅलरीत कुंडी ठेवली, अंगठ्यानं माती दाबली. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, इथंच राहा की. आम्ही आहोत ना सगळे. एवढी झाडं लावलीत तुम्ही."

"झाडं कुनीबी जगवील गं," ते माती दाबतच म्हणाले. "पोरगी तितं एकटी जेवती."

दोन दिवसांनी मंगल गाडी घेऊन आली आणि त्यांना सांभाळत, थांबत-थांबत घेऊन गेली.

चैत्र सरता सरता मोगरा फुलला. संध्याकाळी दार उघडलं तर सगळं घर वासानं भरलेलं, आणि मला मामांची इतकी आठवण आली की मी चप्पलही न काढता फोन लावला.

"वास हाय का?" त्यांनी विचारलं.

"लई हाय," मी म्हटलं.

तेवढ्यात मागून मंगलची हाक आली, "बाबा, ताट वाढलंय."

"ठिवतो गं," मामा म्हणाले. "ती थांबलीया जेवायची."