शनवारचा कागद

"घ्या अण्णा, आता हा वेळ माझा न्हाई."

शुक्रवारी उन्हं उतरली की अक्का दवाखान्याच्या मागच्या पायरीवर उभ्या राहायच्या, पाण्याच्या टाकीमागं सूर्य कुठवर गेलाय ते बघायच्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडं द्यायच्या. मी ते ड्रॉवरमध्ये टाकायचो. शनिवारी दिवस मावळेपर्यंत ते तिथंच पडून असायचं.

चिटगुप्प्यातल्या एका लहान बाळंतपणाच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहिणारा माणूस. अक्का तिथल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. त्या ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती, औरादकडच्या. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा शब्बाथ. त्या वेळेत चूल नाही, बाजार नाही, फक्त चर्च आणि प्रार्थना. गावातल्या बायकांची मात्र ठाम समजूत होती की अक्का मारुतीचा शनिवार धरतात. एक म्हातारी दर शुक्रवारी रुईचा हार घेऊन यायची. अक्का तिला सांगायच्या, "आजी, माझा शनवार येगळा हाय." म्हातारी म्हणायची, "असू दे की बाई, शनवार शनवारच." आणि हार माझ्या काउंटरवर ठेवून जायची. मी विहारात जाणारा माणूस, मी त्या हाराचं काय करू ते मला कुणी सांगितलं नाही.

त्यांना चहा चालत नसे. दवाखान्यात दिवसातून दोनदा चहा यायचा आणि दोन्ही वेळा त्या आपला कप माझ्याकडं सरकवायच्या. "माझ्या वाट्याचा तुमी घ्या, अण्णा." मला पित्ताचा त्रास सुरू झाला तो तुमच्या धर्मामुळं, असं मी त्यांना म्हणायचो. त्या पदराआड हसायच्या.

एका गोष्टीत मात्र त्या दगडासारख्या होत्या. गर्भपाताच्या खोलीत त्या पाऊल टाकत नसत. आमच्या मॅडम, म्हणजे डॉक्टरीणबाई, सोमवारचा उपवास करणाऱ्या, स्वभावानं तापट, पण मनानं निर्मळ. त्या दोघींचा वाद मी कितीदा ऐकला असेन.

"सिस्टर, बाईला नको असेल, कायद्यात बसत असेल, तर तुम्ही-आम्ही कोण?"

"मी तुमाला अडवायलेय का मॅडम? माझे हात तेवढे मागू नका. जीव आपुन दिलेला न्हाई."

"आणि बाईचा जीव?"

"तोबी त्यानंच दिलाय."

"मग दोन्हीतला एकच वाचणार असेल तर?"

"तवा मी गुडघ्यावर बसंन, मॅडम. अजून तशी येळ आली न्हाई."

मॅडमनी त्या कामाला दुसरी नर्स ठेवली आणि वाद तिथंच राहिला. पण ज्या बायका त्या खोलीतून बाहेर यायच्या, त्यांचं सगळं अक्काच करायच्या. अंग पुसून द्यायच्या, केसांना तेल लावायच्या, ज्वारीची आंबील चमच्यानं पाजायच्या. एका शब्दानं बोल लावायच्या नाहीत. एका बाईनं रडत विचारलं होतं, "अक्का, मला पाप लागतंय का?" अक्का तिची वेणी घालत होत्या. "मी देव न्हाई बाई. मान सरळ कर, भांग वाकडा व्हायलाय."

जी बाई अजून खोलीत गेलेली नाही, तिच्याजवळ मात्र त्या जाऊन बसायच्या आणि एकच मागणं मागायच्या. "एक शनवार थांब. माझ्या घरी जेव, झोप. रविवारी तुला जे वाटंल ते कर, मी स्वतः तुला दारापतूर सोडते." कितीतरी बायका थांबायच्या. अक्कांनी शुक्रवारीच भात, अंबाडीची भाजी करून डब्यात ठेवलेली असायची. दिवसभर त्या बाईला कुणी काम सांगायचं नाही, ओरडायचं नाही. आपल्याकडच्या बाईला असा दिवस आयुष्यात किती वेळा मिळतो, ते तुम्हीही बघत असालच. काहीजणी रविवारी तरीही खोलीत गेल्या. बऱ्याचशा घरी परत गेल्या. बाजारात एखादं पोरगं आईचा पदर ओढत असलं की आमचा कंपाउंडर मला कोपरानं ढोसायचा, "शनवारचं लेकरू बगा." आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. मॅडमनाही वाटायचा, त्या कबूल करायच्या नाहीत एवढंच.

आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एक नियम करून टाकला होता की शनिवारी अक्कांना दवाखान्याचं काही सांगायचं नाही. हा नियम अक्कांचा नव्हता. एकदा शनिवारी एक बाई अडली होती तेव्हा त्या चर्चमधून अनवाणी पळत आल्या होत्या. "जीवाच्या कामाला शब्बाथ आडवा येत न्हाई," असं त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मला सबबी सुचतील.

महादेवी हुमनाबादच्या बाजूच्या एका खेड्यातली. तीन पोरींची आई, नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. चौथ्यांदा दिवस गेलेले, तिसरा महिना. माझ्या काउंटरला धरून उभी राहिली तेव्हा स्वतःचं नाव सांगायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. "आता अंगात बळ न्हाई, खाली करून टाका," एवढंच म्हणाली. मॅडमनी तिची छाती तपासली आणि आपली शंका कुणाला न सांगता तिला हृदयाच्या तपासणीला बीदरला पाठवलं. ती शुक्रवारी परत आली तेव्हा रिपोर्ट यायचा होता. मॅडमना लग्नाला हैदराबादला जायचं होतं. "रिपोर्ट आला की मला पाठवा, सोमवारी ठरवू," असं मला सांगून त्या गेल्या. तपासणीचं अक्कांना ठाऊक होतं, पण त्यांना वाटलं, बाईच्या अंगात रक्त नाही, नाचणी-गूळ खाल्ला की उभी राहील. त्या महादेवीजवळ बसल्या. "एक शनवार थांब, बाई."

शनिवारी सकाळी अकराला काउंटरच्या फोनवर रिपोर्टच्या कागदाचा फोटो आला. तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. हृदयाची झडप फार अरुंद झालेली होती आणि खाली लिहिलं होतं की गर्भ ठेवला तर आईच्या जीवाला मोठा धोका आहे. मी तो मॅडमना पाठवला. त्यांचा फोन बंद होता. मग मी फोन खिशात घालून चर्चकडं निघालो.

चर्च म्हणजे बाजारामागच्या भाड्याच्या दोन खोल्या. दारातून आत बघितलं. बायका सतरंजीवर बसल्या होत्या, गाणं चाललं होतं. महादेवी भिंतीला टेकून बसली होती, तिचा हात अक्कांच्या हातात. ती हसत होती. काउंटरवर आलेली बाई ती हीच, हे मला क्षणभर कळलंच नाही. अक्कांनी मला बघितलं. भुवई उचलून विचारलं, काय?

मी हातानं खूण केली, काही नाही. आणि परत आलो. कुणाच्या तरी तोंडावरचं तसलं सुख मोडायचा धीर मला झाला नाही. एका दिवसानं काय होतंय, असं मी वाटभर स्वतःला सांगत होतो.

रविवारी पहाटेच महादेवीनं पहिली बस धरली. अक्का कामावर आल्या त्या गाण्याची चाल गुणगुणत. "ठेवते म्हणली, अण्णा. सोताहून म्हणली." मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसलो. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. उद्या मॅडमच सांगतील, असं मनाशी म्हणालो.

सोमवारी मॅडमनी फोन बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि अक्कांना बोलावून फक्त रिपोर्टच सांगितला. तो कधी आला ते त्याही बोलल्या नाहीत आणि मीही नाही. अक्का आहे त्या कपड्यांत बसस्टँडवर गेल्या. मॅडमनी मला त्यांच्याबरोबर धाडलं.

महादेवी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. अक्कांनी तिला सगळं सांगितलं. तुझं काळीज दुबळं आहे, हे पोटातलं ओझं त्याला पेलणार नाही, चल माझ्याबरोबर, मॅडम खाली करतील. मी स्वतः तुझ्याजवळ उभी राहीन, त्या खोलीत. हे वाक्य अक्कांच्या तोंडून निघालेलं मी ऐकलं.

सासू दारातून म्हणाली, "परवा देवाच्या घरात नेऊन पोटचं ठेव म्हणलीस, आज पाड म्हणायलीस? औंदा पोरगा हाय आमचा. कामून आमच्या वाईटावर उठलीस?"

अक्का तिच्याकडं वळल्याही नाहीत. त्या मातीत महादेवीपुढं गुडघ्यावर बसल्या. "बाई, माझं चुकलं. मला ठावं नव्हतं. तुझ्या तीन पोरींकडं बग."

महादेवी ओशाळली. तिनं अक्कांना उठवायचा प्रयत्न केला. "असं करू नका अक्का. तुमीच म्हणलाव न्हवं, त्याबी जीवाला देवानं पाठवलंय म्हणून? मला त्या दिवशी लई हलकं वाटलं. काय व्हत न्हाई मला."

अक्का चर्चच्या पाळकांकडं गेल्या. पाळक मऊ स्वभावाचे होते. "आईच्या जीवावर बेतलं तर आपली चर्चची मंडळी कुणाला दोष देत न्हाई. तिनं देवापुढं बसून ठरवावं."

"तिनं ठरवलंय, पाळकसाहेब. माझ्या शब्दावर ठरवलंय."

त्यानंतर दर शनिवारी चर्च सुटलं की अक्का त्या खेड्याची बस धरायच्या. कधी फळं घेऊन, कधी मॅडमनी दिलेल्या गोळ्या घेऊन. महादेवीच्या नवऱ्याला फोन लावला, तो म्हणाला आई म्हणेल तसं. चौथ्या महिन्याच्या शेवटी महादेवीनं अक्कांचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. "हालायलाय बगा. आता कसं न्हाई म्हणू?" हे अक्कांनी मला सांगितलं तेव्हा त्या आपला तळहात दुसऱ्या हातानं चोळत होत्या. पुढं पुढं दिवस इतके गेले की मॅडम म्हणाल्या, आता काढणंही तेवढंच धोक्याचं. आता फक्त जपायचं. आम्ही तिघंही वाट बघत होतो आणि कशाची ते कुणी बोलत नव्हतं.

सातव्या महिन्यात भर दुपारी तिला जीपमध्ये घालून आणलं. झोपवलं की गुदमरायची, म्हणून बसवून आणलं होतं. मॅडमनी इंजेक्शन देऊन लगेच कलबुर्गीला पाठवलं. सासू नको नको म्हणत असताना अक्का गाडीत चढल्या आणि महादेवीला पाठीमागून छातीशी धरून बसल्या. मोठ्या दवाखान्यात पोट उघडून मूल काढलं. दुसऱ्या दिवशी महादेवी गेली. मूल जगलं. मुलगी होती. काचेच्या पेटीत वाढून घरी आली आणि आजही आहे, हे मी लिहितो आणि त्यापुढं काय लिहावं ते मला कळत नाही. ती नसायला हवी होती, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

अक्का दुधाची पावडर घेऊन त्या घरी जायच्या. सासू उंबरा ओलांडू देत नसे. थोरली पोरगी, सात-आठ वर्षांची, बाहेर यायची, डबा घ्यायची आणि दार लावून घ्यायची. अक्कांनी ते बाळ कधी मांडीवर घेतलं नाही. मंडळीतले लोक म्हणायचे, वाचवलेल्या लेकरांबद्दल सभेत चार शब्द बोला. त्या उठून जायच्या. आणि कुठल्याच बाईला त्यांनी पुन्हा थांब म्हटलं नाही. येणाऱ्या बाईकडं बघायच्या, ओठ हलायचे, आणि त्या चादरी मोजायला आत निघून जायच्या.

वर्षभरात त्यांनी काम सोडलं. औरादला भावाकडं जाणार होत्या. मी त्यांची पेटी घेऊन बीदरच्या स्टँडवर गेलो. गाडी लागायला अवकाश होता. बाकावर बसून त्या म्हणाल्या, "अण्णा, एक इचारू? त्या शनवारी तुमी चर्चच्या दारात आलता. कामून आलता?"

मी म्हणालो, "रस्त्यानं चाललो होतो, अक्का. गाणं ऐकू आलं."

त्यांनी मान हलवली. "तुमच्या तोंडावर कायतरी होतं. मला वाटलं, उठून इचारावं. पण ती माझा हात धरून बसली होती, म्हणून उठले न्हाई. रोज येतंय मनात. उठले असते तर तुमाला बगून कायतरी आठवलं असतं, रिपोर्टचं इचारलं असतं, फोन लावला असता बीदरला. ते माझ्याकडूनच ऱ्हायलं, अण्णा."

गाडी लागली. मी पेटी वर चढवून दिली, खिडकीपाशी जागा धरून दिली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला, माझ्यासाठी पुटपुटत प्रार्थना केली, आणि गाडी सुटेपर्यंत मी मान खाली घालून ती घेतली.