दोन तोळ्यांचं पाखरू

नाना गेल्याचं दादानं साताऱ्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी इंग्लंडमधल्या ओंगार गावच्या घरात सफरचंद चिरत उभी होते. अर्धं चिरलेलं ते सफरचंद संध्याकाळपर्यंत ताटलीत काळं पडत राहिलं...

माझे वडील, नाना, सोनार होते. २०२०च्या जानेवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यावर दीड वर्ष आमच्याकडे अडकले. टीव्हीचा कंटाळा आला, माझ्यावर चिडूनही झालं. मग डिसेंबरात शेजारच्या मेव्हबाईंनी मागच्या अंगणात जाळी लावली. इतकी बारीक, की सकाळच्या धुक्यात ती आहे की नाही तेच कळेना. हिवाळ्यात दाण्यापाण्याला येणाऱ्या पाखरांच्या पायात नंबराचं कडं घालून सोडायचं लायसन्स बाईंकडे होतं. पुढच्या वर्षी तेच पाखरू परत आलं का, हे त्या नंबरावरून समजतं.

नानांना त्याचं वेडच लागलं. कुंपणाच्या अलीकडे, मास्क हनुवटीवर, तासन्‌तास उभे. कड्याला ते वाळा म्हणायचे. "चिमटा बघ कसा धरती! सोनाराचा हात हाय बाईचा." बाई पाखरू सुती पिशवीत घालून कुंपणावरून त्यांच्या तळहातावर ठेवत आणि विचारत, "किती तोळे, नाना?" एवढा एक मराठी शब्द त्या शिकल्या होत्या. नाना डोळे मिटून सांगत आणि काटा बहुतेक वेळा तेच म्हणे.

त्यांची लाडकी होती एक ब्लॅककॅप जातीची मादी. नराची टोपी काळी, हिची तांबूस. "अगं, हिनं तर मळवट भरलाय की! दोन तोळ्यांचं पाखरू आणि केवढा थाट!" तिच्या पायात ॲल्युमिनियमचं कडं गेलं, हे काही त्यांना पटेना. माझं तुटकं पैंजण घेऊन दोन दिवस घासत बसले आणि चांदीचा इवलासा वाळा घेऊन कुंपणाशी हजर! बाई हसल्या. "सुंदर आहे, नाना. पण नंबर नाही ना त्यावर. माझं लायसन्स जाईल." जन्मभर दागिने घडवलेला माणूस, दोन दिवस रुसून बसला. मग आपणच तो वाळा कुंपणावरच्या खिळ्याला अडकवला. त्याच खिळ्यावर ते रोज पाखरांसाठी अर्धं सफरचंद खोचायचे.

२०२१च्या उन्हाळ्यात निघताना म्हणाले, "ती आली की नंबर वाच आणि मला कळव." सप्टेंबरात ते गेले. मला वेळेत पोचता आलं नाही. दहाव्याला मी व्हिडिओ कॉलवर होते. कावळा शिवेना. दादानं आईला सांभाळण्याचं वचन दिलं, दुकानाचं दिलं, तरी नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी चिडून फोनमध्ये म्हटलं, "नाना, ती आली की नंबर वाचीन आणि तुम्हाला कळवीन. झालं?" कावळा शिवला. आणि मी अडकले.

सगळा नोव्हेंबर मी सफरचंद खोचत होते. ती येईना. पाखरं मरतातही, मेव्हबाई हळूच म्हणाल्या. डिसेंबरातल्या एका दाट धुक्याच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. जाळीत मळवट होता आणि पायात नंबराचा वाळा. मीच नंबर वाचला, चष्मा पुसून दोनदा. नानांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलेला, तोच होता.

बाईंनी सवयीनं पिशवी कुंपणावरून पुढे केली, नाना उभे राहायचे तिथे. मी तळहात धरला. काहीतरी ऊबदार धडधडत होतं. "किती तोळे?" त्यांनी विचारलं. सोनाराची लेक असून मला कधी वजन कळलं नाही. "दोन," मी म्हटलं. काट्यावर सतरा ग्रॅम भरले. एवढ्या प्रवासात घट येणारच, नाना म्हणाले असते. मला रडू आवरेना.

सोडल्यावर ती धुक्यात नाहीशी झाली. दुपारी मात्र परत आली आणि खिळ्यावरच्या सफरचंदाला लागली. शेजारी चांदीचा वाळा हलत होता.

"नाना," मी खिडकीतून मोठ्यानं म्हणाले, "आली बरं का."