‘आणि’ आधी की ‘किंवा’ आधी?

आमच्या डहाणू रोडच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. प्रोग्राममधला एक बग मिटवला की दोन किस्से उरतात! आम्ही तिघंच: मी, मीनल आणि मालक जिग्नेशभाई. हवामानाचे आकडे बघून मच्छीमारांच्या मोबाइलवर ‘जा’ किंवा ‘थांबा’ पाठवायचं, हे काम. नियम मराठीत लिहिता यावेत म्हणून मी एक छोटी भाषा बनवली. ती वाचून अर्थ लावणारा पार्सरही माझाच. कुठून दुर्बुद्धी सुचली!

*

मीनलने एका आकड्याला ‘भरती-ओहोटी’ नाव दिलं. पार्सरने मधली रेघ वजाबाकी समजून भरतीतून ओहोटी वजा केली. दोन्ही नावांना आकडाच नव्हता, म्हणून खाडीत पाणी शून्य! मीनल धाकटी डहाणू गावची, घर खाडीलगत. म्हणाली, "आईला फोन करून विचारू, पाणी आहे का?"

*

मग तिने लिहिलं: ‘वारा जोरात किंवा लाट मोठी आणि होडी लहान, तर थांबा.’ तिच्या मते थांबायचं ते फक्त लहान होडीने. पण माझा पार्सर ‘आणि’ आधी जोडतो. लहान होडीची अट लाटेलाच चिकटली आणि वारा सुटला की मोठ्या बोटींनाही ‘थांबा’!

"कॉम्प्युटरच्या भाषांत ‘आणि’ आधी असतो," मी म्हटलं.

"आम्ही डावीकडून वाचतो बाबा!"

चाचणीला बोट होती तिच्याच वडिलांची, मोठी. ते आठवडाभर किनाऱ्यावर बसले. बाकीचे मासळी घेऊन आले आणि त्यांना हसले.

*

जिग्नेशभाईंनी मीटिंग घेतली. "‘आणि’, ‘किंवा’, दोघांना सारखाच मान द्या ना, कोणाला नाराज कशाला करायचं?"

वैतागून मी तसंच केलं. पार्सरने ‘दोन अर्थ निघतात’ म्हणत सगळे नियम नाकारले. त्या दिवशी मला राजीनामा लिहावासा वाटला.

*

शेवटी कंस सक्तीचे केले. मच्छीमार संस्थेचे सेक्रेटरी स्क्रीन बघून म्हणाले, "जाळंच विणलंय की! एक गाठ सुटली तर?"

सुटलीच होती, एका कंसाची. शोधायला दोन दिवस गेले.

*

त्यानंतर वादळ आलं आणि पहिल्यांदाच बरोबर ‘थांबा’ गेला. मीनलने घरी फोन लावला. आई म्हणाली, "ते बोट घेऊन गेले. म्हणाले, पोरीचं मशीन रोजच थांबा म्हणतं."

दिवसभर आम्ही तिघंही कीबोर्डला हात न लावता बसलो. मला कुणाकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीनलचे वडील ऑफिसच्या दारात उभे. बोट आली होती, जाळी गेली होती. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. एकाखाली एक, सगळे ‘थांबा’.

"यातलं खरं कुठलं होतं, तेवढं दाखवा."